एकदा ह्यांना उभं राहू दे!

...प्यायलेले म्हणे! आमचे हे! अहो, जो माणूस खोकल्याचं औषध घेतानासुद्धा बाटलीवरचा कागद दोनदा वाचतो, तो शाळेत सकाळच्या प्रार्थनेला, पोरांसमोर, मोहाची पिऊन उभा राहील? आणि उभा तरी कुठे राहतो? तिथेच तर सगळी बोंब आहे ना! बसलेले असतात तोवर राजा माणूस. उभे राहिले की डोळ्यांपुढे काळोख, पाय लटपट, जीभ जड... धप्प! त्यात पोट कायमचं बिघडलेलं, म्हणजे शुद्धीवर आले की धावायचं कुठे ते तुम्हाला सांगायला नको.

जन्माचं दुखणं हो! मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नीता डॉक्टरीणबाई आहेत, त्यांनी शोधून काढलं. म्हणाल्या, "जयवंतीबाई, ह्यांच्या अंगात तांबं नीट पोचतच नाही. त्यामुळे उभं राहिल्यावर नसा आवळायला हव्यात त्या आवळत नाहीत. रक्त सगळं पायात, डोकं कोरडं." लाखात एखाद्याला होतं म्हणे. बघा, लॉटरी कधी लागली नाही, हे बरोबर लागलं!

हे मी शेजारच्या वेणूला सांगितलं. चूकच केली. दुसऱ्या दिवशी तांब्याची कळशी घेऊन दारात! "पाज गं ह्यातलं पाणी, महिन्यात घोड्यासारखे पळतील." अगं बाई, तांबं पोटात जातं, पोटातून पुढे रक्तात जात नाही! दारापर्यंत आलेला पाहुणा घरात घेता येत नाही, आणि तू आणखी पाहुणे बोलावतेस? पण ऐकेल ती वेणू कसली! जामसरच्या बाजारात सगळ्यांना सांगून आली, "मास्तर आजारी आहे असं ती सांगते बिचारी. काय करणार, झाकायला नको?"

झाकायला! तेव्हाच मी दात आवळून म्हटलं, एकदा ह्यांना उभं राहू दे, मग बघते एकेकाला!

आणि सगळ्यात आधी तो दामोदर हेडसर. आग लावली ती त्याने. आमचे हे राष्ट्रगीताच्या मध्येच खाली बसले... बसले कसले, कोसळले! तर हा धावत आला आणि काय केलं? स्वतःची चप्पल काढून ह्यांच्या नाकाला लावली! का, तर फिट आली म्हणून. फिट नव्हती हो, पण ती चप्पल हुंगून यायची बाकी राहिली होती. आणि हे शुद्धीवर आल्यावर हा सगळ्या शाळेसमोर काय म्हणतो? "सुदर्शन मास्तर, संध्याकाळचं संध्याकाळी ठेवावं. राष्ट्रगीतापर्यंत आणू नये."

झालं! गावभर मास्तर बेवडा. पालक पोरं सांभाळून न्यायला लागले. बाया मला नळावर हळूच विचारायच्या, "मारतो का गं?" मारतो? डास मारला तरी तासभर हळहळतो तो माणूस! मी घरी येऊन आदळआपट करायची, आणि हे खाटेवर बसून, "जाऊ दे गं, त्यांना काय माहीत." जाऊ दे? का जाऊ दे? एकदा उभे राहा हो तुम्ही, मग बघते एकेकाला!

आणि देव पावला. नीता डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, नवीन औषध आहे, ह्याच दुखण्याच्या मोठ्या माणसांवर तपासून बघायचंय, येता का? येता का काय विचारता, गेलोच! तिथे ह्यांना आडवं करायचे, प्रेशर बघायचे, उभं करायचे, प्रेशर बघायचे. मग गोळ्यांची दोन पाकिटं दिली. "एक महिना हे, एक महिना ते. एकात औषध आहे, एकात नुसतं पीठ."

मी म्हटलं, "कशात काय?"

"मला माहीत नाही."

"अहो, तुम्ही डॉक्टर ना?"

"मला कळलं तर तपासणी खोटी होईल. ज्याला माहीत आहे तो तुम्हाला भेटणार नाही, मलाही सांगणार नाही."

घ्या! आमच्या गावात ज्याला काहीच माहीत नाही तो सगळ्यांना सांगत सुटतो, आणि ह्यांच्यात ज्याला माहीत आहे तो तोंड उघडत नाही!

पहिलं पाकीट सुरू झालं आणि तुम्हाला सांगते, आठवड्यात माणूस उभा! चुलीपाशी येऊन उभ्याने चहा प्यायले. मी रडले हो. मग डोळे पुसले आणि भाषण पाठ करायला घेतलं. सव्वीस जानेवारी आलीच होती. म्हटलं, दामोदरा, आता तू आहेस आणि मी आहे!

सणाची साडी नेसून गेले. झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, झेंडागीत झालं, पुंजा सरपंचांचं भाषण झालं, आणि आमचे हे सागाच्या खांबासारखे ताठ! सगळं गाव टकामका बघतंय. मी उठले, पदर खोचला, माइककडे निघाले... तर हेडसर आधीच माइकला चिकटलेला!

"ग्रामस्थहो, आज आनंदाचा दिवस आहे. आमच्या सुदर्शन मास्तरांनी दारू सोडली!"

टाळ्या! काय टाळ्या! "मी जरा कडक बोललो होतो, पण त्याचं सोनं झालं." आणि पुंजा सरपंच उठले, "हेडसर, बेस काम केलंत," म्हणून शाल-नारळ कोणाला? त्या दामोदराला!

माझं डोकंच फिरलं. माइक हिसकावला, ओरडले, "हे कधी प्यायलेच नाहीत! गोळी आहे ती, गोळी!"

हेडसर म्हणतो, "ऐकलंत? दारू सोडायची गोळी निघाली आहे! ज्यांना हवी त्यांनी जयवंतीबाईंना भेटावं."

दुसऱ्या दिवशी दारात बायांची ही रांग! "माझ्याही नवऱ्याला दे गं एक." काय सांगू? कोणाकोणाला सांगू? पाकीट संपेपर्यंत गाव ह्यांना रामराम घालत होतं. सुधारलेला माणूस म्हणून!

मग दुसरं पाकीट उघडलं. चार दिवसांत प्रार्थनेला धप्प.

वेणू धावत आली. "सुटली होती ना गं? चांगले होते हो महिनाभर. संगत वाईट!" हेडसर खांद्यावरची शाल सावरत म्हणाला, "आपण प्रयत्न करतो, शेवटी ज्याचं त्याच्या हातात." आणि आमचे हे? जमिनीवर पडल्या पडल्या हसतात! "अगं, महिनाभर तरी शुद्धीत होतो ना लोकांच्या हिशेबी." ह्या माणसाच्या बाजूने भांडायचं तरी कसं, सांगा!

आता कसलं बघते एकेकाला! गेलो मुंबईला. डॉक्टरीणबाई समोर बसल्या. "अजून मलाही कळलेलं नाही. तुम्हाला काय वाटतं, खरं औषध कुठल्या महिन्यात होतं?"

हे विचार करून बोलायला लागले, मी म्हटलं, "थांबा हो! बाई, ह्यांना कशाला विचारता? आमच्या गावात कोणालाही विचारा. ज्या महिन्यात ह्यांनी दारू सोडली होती ना, तो!"