काकूंचं वाय-फाय का रखडतं

"हॅलो?… हां, काकू, बोला बोला… नाही हो, कसला त्रास!… परत? परत हळू झालं?… नुसतं गोल गोल फिरतंय… हो, हो… समजलं, समजलं…"

सगळ्या इमारतीत त्याला 'एक्स्पर्ट' म्हणत. म्हणजे आधी त्यानंच स्वतःला म्हणवून घेतलं, मग ते लोकांच्या तोंडात बसलं. कुणाचा लॅपटॉप अडला की स्वारी हजर. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं वाय-फाय यानंच लावून दिलं होतं, पासवर्डही यानंच ठेवला होता, आणि त्या दिवसापासून तेच वाय-फाय हा गृहस्थ आपल्या घरी बिनबोभाट वापरत होता. त्याच्या घरात मोबाईलला रेंज यायची नाही, त्यामुळे फोनसुद्धा त्यावरच चालायचा. म्हणजे काकू तक्रार करत होत्या चोराकडे, आणि चोर ऐकत होता चोरलेल्या मालावरून.

"काय म्हणता? नात?… कधी?… अरे वा! आजी झालात की!… अच्छा, मुलगी अकराला दाखवणार व्हिडिओवर… आणि काल काय झालं?… कपाळ? नुसतं कपाळच दिसलं?… आणि तिथेच अडकलं… च् च् च्… मग काय केलंत?… कपाळच बघत बसलात?… अहो काकू, रडता काय! मी आहे ना…"

अकरा म्हटल्यावर मात्र त्यानं झटकन घड्याळाकडे पाहिलं. अकराला त्याचीही साहेबांबरोबर मीटिंग होती. मागच्या दोन्ही मीटिंगांत तो बोलता बोलता तोंड उघडं ठेवून गोठला होता, आणि साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं, की पुन्हा नेटचं कारण दिलंत तर घरून काम बंद, रोज ऑफिसला यायचं. ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. इथे चड्डीवर बसून वरून इस्त्रीचा शर्ट चढवण्यात जे सुख होतं, ते त्याला काही केल्या सोडवत नव्हतं.

"एक मिनिट हं काकू…" त्यानं फोनवर हात ठेवला. "अगं ए! ती मालिका बंद कर आधी!… बंद म्हणजे बंद!… मग नुसती ऐक, चित्र कशाला हवंय तुला?… हां, काकू… कुणाशी? कुणाशी नाही हो. बायकोला म्हटलं, जरा पाणी दे. आता ऐका. लॅपटॉप बंद करून चालू केलात?… तीनदा?… मग जुना असेल. तुम्हा लोकांचे लॅपटॉप म्हणजे… नवीन आहे? मुलीनं गेल्याच महिन्यात दिला?… अस्सं. मग राउटर बघू. तो हो, दिवे लुकलुकणारा डबा… पुस्तकांच्या कपाटावर? झकास! तिथेच असू द्या… आतल्या खोलीत? तुम्ही बसता तिथे? छे छे, भलतंच! अजिबात हलवायचा नाही!… का म्हणजे… लहरी असतात काकू. त्या वर जातात… भिंत लागली की संपल्या… आता मी सांगतोय ना!"

ते कपाट बरोबर त्याच्या टेबलाखाली येत होतं. जागा त्यानंच निवडली होती.

"काय? आमचं?… आमचं नेट एकदम मस्त! दिवसभर पळतं… कुठल्या कंपनीचं?… कंपनी म्हणजे तसं… आहे एक, ओळखीतलं… नाही नाही, तुम्हाला नाही परवडायचं ते… कोण?… तुमचं नेट कुणीतरी वापरतंय? असं मुलगी म्हणते?"

चोरी उघडी पडायची वेळ आली होती. पण एक्स्पर्ट तो एक्स्पर्ट.

"हं… तसं नाही म्हणता येत नाही. नाव घेऊ नये काकू, पण ते वरचे दातांचे डॉक्टर… हो, तेच, तुमची कवळी केली ते… फुकट करून दिली? बघा! अहो, आजकाल फुकट कोण करून देतं कुणाला? उगीच का?… नाही, पुरावा नाही, पण माणूस कळतो हो… एका म्हाताऱ्या बाईचं… म्हातारी म्हणजे, वडीलधाऱ्या बाईचं नेट! तिला नातीचं तोंड दिसेना आणि हे खुशाल वर बसून… जनाची नाही तर मनाची तरी! मला तर अशी चीड येते ना…"

चीड त्याला खरोखरच आली होती. आवाज चढला, मान ताठ झाली. दातांच्या डॉक्टरवर तोंडसुख घेता घेता हा इसम स्वतःचे प्रताप साफ विसरून गेला, आणि एकदा असा सुटला की त्याला आवरायला कुणी नसे.

"तुम्हाला सांगतो, पासवर्ड म्हणजे घराची किल्ली! कुणालाही द्यायचा नाही. शेजाऱ्याला नाही, जावयाला नाही. अहो, उद्या मी जरी तुमच्या दारात उभा राहिलो, पाया पडलो, तरी सांगायचा नाही! खुशाल दार लावा माझ्या तोंडावर!… हां… अशी शिस्त पाहिजे… लिहून घेताय? घ्या, घ्या… काय? आत्ताचा? आत्ताचा मीच ठेवला होता, हो… माझं वेगळं हो… आणि मी तर विसरलोसुद्धा तो! शपथेवर!… काय म्हणालात?… बदलते?… आत्ता?"

घड्याळात अकराला पाचच मिनिटं होती.

"अहो नको, आत्ता कशाला! किचकट काम असतं ते… मुलगी सांगतेय मेसेजवर? काय काय सांगितलंय?… कुठलं पान उघडलंय म्हणता?… निळं बटण? हात लावू नका! सगळं उडेल!… सगळं म्हणजे… फोटो! नातीचे फोटो उडतील!… फोनमध्ये आहेत होय ते… बरं. बरं, ऐका, बदलायचाच आहे ना, मग मी सांगतो तो टाका. सोपा, लक्षात राहील असा. एक, दोन, तीन, चार… काय? टाकला? तुमचा तुम्हीच?… अरे वा… हुशार आहात… काय टाकलात?… नाही, सहजच… बरोबर आहे का बघतो… हो, मीच म्हणालो, मान्य… दारात उभा राहिलो तरी, हो, म्हणालो… पाया पडलो तरी… अहो, ते बोलण्याच्या भरात हो! मी काय परका आहे का?… नातीचं नाव टाकलंत का?… अजून नाव नाही ठरलं?… मग पासवर्डचं पहिलं अक्षर तरी सांगा काकू!… थांबा, ते बटण दाबू नका… ऐका ना, माझी मीटिंग आहे… माझी मीटिंग म्हणजे तुमच्या… काकू? हॅलो?… हॅलो?… हॅलो!"

फोन मुका झाला. आतून बायको ओरडली, "अहो, आता आवाजही गेला!" लॅपटॉपवर साहेबांच्या नावाशेजारी ते गोल चक्र संथपणे फिरू लागलं.

वर इस्त्रीचा शर्ट, खाली चड्डी, काखेत लॅपटॉप, अशा थाटात एक्स्पर्ट धडाधड जिना उतरला आणि त्यानं काकूंची बेल दाबली. काकूंनी दार उघडलं. मागच्या खोलीतून तान्ह्या बाळाची कुरकुर इतकी स्वच्छ ऐकू येत होती, की जणू ते तिथेच पाळण्यात होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू.

"दिसली हो! सगळी दिसली! हनुवटी अगदी माझ्यावर गेलीय."

"वा, वा… काकू, ते जरा पासवर्ड…"

काकूंनी त्याला शर्टापासून चड्डीपर्यंत एकदा नीट पाहिलं.

"माझी परीक्षा बघायला आलात होय?" त्या म्हणाल्या, "मी नाही हो फसायची!"

आणि बाळ दचकू नये म्हणून, अगदी हलक्या हातानं, त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं.