न झटकलेला पारा

दीपा : हलू नका अव्वा. कपाळ माझ्याकडं करा.

प्रभावती : करते बाई. सकाळपासनं पाचव्यांदा रोखलीस ही तापाची बंदूक.

दीपा : मी काय करू? तुमच्या लेकाला पुण्यात बसून दर दोन तासांनी आकड्याचा फोटो लागतो. नाही पाठवला तर गाडी काढून निघेल तो.

प्रभावती : अनेकांत पहिल्यापासनंच भित्रा. किती आलंय?

दीपा : सत्त्याण्णव पॉइंट एक.

प्रभावती : झालं मग. दहा दिवसांच्या पर्वाचा आठवा उपास हाय आणि अंग गार हाय. दोन दिवस राहिलेत, तेबी जातील.

दीपा : ठरलंय ते लक्षात आहे ना? ताप शंभराच्या वर गेला की उपास सोडायचा. डॉक्टरांपुढं कबूल केलंय सासूबाईंनी.

प्रभावती : सासूबाईंनी कबूल केलंय, तर सासूबाई पाळतील.

दीपा : आजचं पाणी घेतलंत?

प्रभावती : बाराला घेतलं. उकळलेलं, एक तांब्या. आता थेट उद्या बाराला; मधे घोट घेतला तरी उपास मोडला.

नेमगोंडा : (आतल्या खोलीतून) दीपा, तिला जरा बसू दे की! पोलिसागत बंदूक घेऊन फिरायलीस नुसती!

दीपा : अप्पा, चार वाजत आले. चहा ठेवू का?

नेमगोंडा : नको. पडतो जरा. कुणी उठवू नका. आणि ते दार लोटा, वारं येतंय.

प्रभावती : वारं? बाहेर पान हलंना.

दीपा : अप्पा चहाला नको म्हणाले?

प्रभावती : आज त्यागाचा दिवस. सोडला असंल चहा. मी उपासाला बसले की हे पण गुपचूप एकेक सोडत्यात. काल साखर, आज चहा. विचारलं तर माझ्यावरच ओरडतील.

दीपा : मला ह्या गल्लीतली हवाच बरी वाटत नाही अव्वा. कोपऱ्यावरच्या स्वप्नालीच्या सासऱ्यांना नुसता तापच होता. तिसऱ्या दिवशी शुद्ध नव्हती. दवाखान्यातनं परत आलेच नाहीत.

प्रभावती : नको ते बोलू नकोस ह्या वेळेला.

दीपा : थांबा, थांबा. तुमचं कपाळ ओलं कशानं आहे?

प्रभावती : गंधोदक लावलंय. सकाळी बस्तीतल्या देवाच्या अभिषेकाचं पाणी वाटीत आणलंय की. मधनंमधनं बोट बुडवून लावते. तेवढाच आधार.

दीपा : अहो अव्वा! मग हा आकडा काय कामाचा? ही बंदूक अंगात शिरत नाही. कातड्यावरनं जी ऊब बाहेर पडते ना, तेवढीच मोजते. ओल्या कपाळाचं पाणी वाळताना ऊब घेऊन जातं. आत भट्टी पेटली असली तरी ही सत्त्याण्णवच म्हणणार.

प्रभावती : म्हणजे मी तुला फसवलं म्हण की.

दीपा : तसं नाही हो. पुसा, आणि ही काखेत धरा. ह्या कांडीच्या टोकाला बारीकसा तुकडा असतो. तो तापला की त्याच्यातनं जाणारी वीज बदलते, त्यावरनं आकडा येतो. खरं तर जिभेखाली धरायची.

प्रभावती : उपासात तोंडात काही घ्यायचं न्हाय.

दीपा : माहीत आहे, म्हणून तर काखेत. काखेत अंशभर कमी येतं, ते मी मिळवते. दाबून धरा.

प्रभावती : शाळेत पोरांना असंच दटावतीस व्हय?

दीपा : पोरं ऐकतात तरी. वाजलं बघा. सत्त्याण्णव पॉइंट सहा. एक मिळवला तर अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा.

प्रभावती : मग? आता तरी जीव भांड्यात पडू दे. तोंड बघ कसं झालंय तुझं.

दीपा : एकदा आपल्या जुन्या पाऱ्याच्या तापमापीनं बघते. तिच्यात ना सेल, ना बटण. मग मी तुम्हाला उद्या सकाळपर्यंत हात लावत नाही. कुठं असते ती?

प्रभावती : कपाटात, वरच्या खणात. निळ्या नळीत.

दीपा : नळी आहे. रिकामी आहे.

प्रभावती : रिकामी कशी असंल? नीट बघ.

दीपा : ही बघा, इथं खिडकीत आहे. अव्वा...

प्रभावती : काय गं?

दीपा : तुम्ही माझ्याशी असं वागाल असं वाटलं नव्हतं मला.

प्रभावती : काय केलं मी?

दीपा : एकशेचार! पारा एकशेचारवर उभा आहे. मी इथं गार कपाळाचे फोटो पाठवतेय, आणि तुम्ही गुपचूप ताप बघून ठेवून दिलात! दोन दिवसांसाठी?

प्रभावती : दीपा, आवाज खाली घे. आठ दिवसांत मी ती काच अंगाला लावलेली न्हाय.

दीपा : मग हा ताप कुणाचा? जुना?

प्रभावती : जुना नव्हं. परवा मीच पुसून, झटकून ठेवलीया. झटकल्याबिगर मी ती कधी नळीत घातली न्हाय. अनेकांतच्या गोवरापासनं.

दीपा : मग ह्या दोन दिवसांतला आहे. हिची नळी बुडाशी आवळलेली असते अव्वा. पारा चढतो, पण आपणहून उतरत नाही. जोरात झटकेपर्यंत शेवटचा ताप तसाच धरून ठेवते. कुणीतरी लावली आणि झटकली नाही.

प्रभावती : झटकली न्हाय?

दीपा : नाही.

प्रभावती : झटकता आली नसंल.

दीपा : म्हणजे?

प्रभावती : ह्यांचा उजवा खांदा. पाडव्यापासनं धरलाय. हात वर जात न्हाय. सदऱ्याची बाही मी घालते रोज.

दीपा : पण सकाळी मी अप्पांचं पण बघितलं होतं! सत्त्याण्णव होतं. बस्तीतनं आल्या आल्या...

प्रभावती : बस्तीतनं आल्यावर कपाळ कसं असतंय, दीपा?

दीपा : ओलं.

प्रभावती : दार उघड. आधी दार उघड.

दीपा : अप्पा! अप्पा, उठा. पंखा बंद, दोन-दोन रग... अव्वा, हात लावून बघा. चटका बसतोय.

प्रभावती : अहो. ऐकलं का? मी हाय.

नेमगोंडा : आकाराम, पाणी बंद कर. सरीतनं बाहेर यायलंय. पाय भिजायलेत माझं.

दीपा : आकाराम कोण?

प्रभावती : शेतावरचा गडी. जाऊन वीस वर्षं झाली. तू शेजारच्या राजवीरला फोन लाव, गाडी दारात आण म्हणावं. ती तापमापी दे इकडं.

दीपा : घ्या, झटकून दिलीय. पण आता ह्यात वेळ...

प्रभावती : गाडी येईपर्यंत होतंय. तिकडं गेल्यावर विचारतील. नऊ णमोकार होईस्तवर धरायची, माझं घड्याळ तेच. णमो अरिहंताणं, णमो सिद्धाणं...

दीपा : हॅलो, राजवीर? दीपा बोलतेय. गाडी काढा. नाही, अव्वांना नाही. अप्पांना. आत्ताच्या आत्ता.

प्रभावती : झाले नऊ. तू वाच, मला दिसंना.

दीपा : एकशेचार आणि वर दोन रेघा. काखेत.

नेमगोंडा : प्रभा?

प्रभावती : हाय की. उठून बसा. दवाखान्यात जायचंय.

नेमगोंडा : किती राहिले?

प्रभावती : काय किती?

नेमगोंडा : दिवस. तुझे.

दीपा : अप्पा, ते राहू द्या. राजवीर येतोय, चपला घाला.

नेमगोंडा : मी हलत न्हाय. मागल्या खेपेला माझा पाय मोडला आणि नवव्या दिवशी उपास सोडलास तू, माझ्यापायी. बारा वर्षं झाली. एका शब्दानं बोलली न्हाईस. ह्या खेपेला तुझं पुरं होऊ दे. तोवर मी इथंच पडतो.

प्रभावती : म्हणून लपवलं व्हय?

नेमगोंडा : खिडकीत उजेडाला बघितलं, झटकून परत नळीत घालणार होतो. झटकता आलं न्हाय गं.

दीपा : अव्वा, गाडीचा आवाज येतोय. ह्यांनी पलंगाची दांडी धरलीय. सोडत नाहीत.

नेमगोंडा : किती राहिले, सांग की.

प्रभावती : संपले.

नेमगोंडा : पारणं?

प्रभावती : झालं.

नेमगोंडा : मला कसं कळलं न्हाय?

प्रभावती : तापात होता तुम्ही. मी कधी खोटं बोललेय का तुमच्याशी?

नेमगोंडा : न्हाय.

प्रभावती : मग सोडा ती दांडी. डावा हात माझ्या खांद्यावर टाका. असं.

दीपा : अव्वा... अजून दोन दिवस...

प्रभावती : दीपा, स्वयंपाकघरातनं तांब्या भरून आण. ह्यांच्या देखत पिते. गाडी सुटायच्या आत माझं बोलणं खरं होऊ दे.