आर्क्टिकबद्दल आपलं मत कळवा

...नाही, मला सांगा, जनसुनावणी म्हणजे काय? जनांनी बोलायचं आणि कुणीतरी ऐकायचं, बरोबर ना? पंचवीस वर्षं अमेरिकेत काढून माझीही हीच समजूत होती, गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत. तुम्हाला सांगतो, तिथे माईकच नव्हता. हॉटेलचा भलामोठा हॉल, कार्पेट, कॉफी, कुकीज, बारा पोस्टरं... सगळं होतं, फक्त माईक नाही आणि खुर्च्या नाहीत, कारण खुर्च्या ठेवल्या की लोक बसतात आणि बसले की बोलतात.

मी जाणारच नव्हतो हो. मी रेडमंडचा साधा सॉफ्टवेअरवाला, आर्क्टिक समुद्रात तेल आणि गॅस काढू द्यायचा की नाही यात माझं काय अडलंय? पण माझी मुलगी अनिका समुद्रात यंत्रं सोडून देवमाशांचे आवाज रेकॉर्ड करते. तिचं म्हणणं, तेल शोधायला हे लोक पाण्यात जे बार उडवतात, त्याने देवमासे वाट सोडून लांब जातात. तिने तीन मिनिटांचं भाषण पाठ केलेलं, तिची गाडी गॅरेजमध्ये, म्हणून ड्रायव्हर मी.

दारातच एक बिल्लेवाला सरकारी साहेब. अनिकाने विचारलं, भाषणं किती वाजता? तर हा टूथपेस्टच्या जाहिरातीसारखा हसला आणि म्हणाला, भाषणं नाहीत, यावेळी ‘ओपन हाउस’ आहे, पोस्टरं बघा, तज्ज्ञांना भेटा आणि त्या टॅबलेटवर टाइप करा. "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे." मोलाचं! इतकं मोलाचं की चुकून कुणाच्या कानावर पडू नये.

बरं, तज्ज्ञांना भेटलो. पोस्टरवर तेलाचा प्लॅटफॉर्म आणि शेजारी देवमासा, तो पण हसतोय. अनिकाने आवाजाचं विचारलं, तर तज्ज्ञ म्हणे मी रस्ते बघतो, माशांचे तज्ज्ञ आज आलेले नाहीत, पण तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. मी तोंड उघडणार तेवढ्यात अनिका म्हणाली, "बाबा, प्लीज, डोन्ट स्टार्ट."

टॅबलेटपाशी एक आजीबाई अडकल्या होत्या. मार्था नाव, वय एक्क्याऐंशी, अलास्काच्या पार वरच्या टोकाच्या, इनुपियाट, म्हणजे तिथले मूळचे लोक, देवमाशाच्या शिकारीवर जगणारे. त्यांच्या गावातही मीटिंग झाली होती म्हणे... ऐन शिकारीच्या आठवड्यात. गाव समुद्रावर आणि हॉलमध्ये साहेब आणि कुकीज. म्हणून ही बाई तीन विमानं बदलून इथे आलेली, आणि टॅबलेट तिला रस्त्याचं नाव विचारतोय, त्याशिवाय पुढेच जाऊ देत नाही. तिच्या घरापुढच्या रस्त्याला नावच नाही.

मी हॉटेलचा पत्ता ठोकून दिला. त्या बोलत गेल्या, मी टाइप करत गेलो. एका वर्षी ती बार उडवणारी जहाजं आली, देवमासे किनाऱ्यापासून लांब गेले, त्यांच्यामागे मार्थाचा नवरा होडी घेऊन नेहमीपेक्षा लांब गेला, आणि वारा फिरला. होडी सापडली, तो नाही. त्या रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "त्याला ते पाणी ठाऊक होतं. मासे तिथे राहिले असते तर तो घरी आला असता. हे तुमच्या कुठल्या पोस्टरवर आहे?"

मी हे लिहितोय आणि टॅबलेट म्हणतो, अक्षरं संपली. साहेबाला बोलावलं. तो म्हणाला, थोडक्यात लिहा, तुमचं मत आमच्यासाठी... मी त्याच्याकडे असं पाहिलं की पुढचं त्याने गिळलं. तोवर अनिका शेजारच्या टॅबलेटवर गेली होती. तीन मिनिटांचं पाठ केलेलं भाषण तिने पर्समध्ये घातलं, आणि मार्थाचं उरलेलं सगळं आपल्या नावावर लिहून काढलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी बाजूला जाऊन उगाच कॉफी घेतली... भिकार कॉफी.

आठ महिन्यांनी रिपोर्ट आला. अकराशे पानं. दोन रविवार घालवून मी शोधलं. पान सातशे बारा: ‘एका नागरिकाने हवामानाबद्दल चिंता व्यक्त केली. नोंद घेतली.’ बस्स. तो माणूस, ती होडी, तो वारा... नोंद घेतली.

माझं डोकं फिरलं. मार्थाला फोन लावून वाचून दाखवलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "माझी आई अशाच मीटिंगमध्ये बोलून आली होती तेव्हा एवढंही लिहिलं नव्हतं." आणि मग विचारतात, पुढची मीटिंग कधी?

आता काय करणार... मीटिंग मार्चमध्ये आहे, रजा टाकून बसलोय.