आठ नंबरचा अर्धा बिट

बेसिल : हा अर्धाच आहे. बाकीचा अर्धा कुठाय?

शेल्डन : तुटला अंकल. सॉरी. नवा आणून देतो ना, आजच. आगाशीतून.

बेसिल : नवा कोणी मागितला? माझा ड्रिलचा बिट नेलास तू, आठ नंबरचा. शेजारच्या सालोमीच्या दाराला बिजागऱ्या बसवायच्यात म्हणून परत मागायला आलो, तर तू शेपूट हातात देतोस. मुंडकं कुठाय?

शेल्डन : पडलं असेल इथंच. माती आहे, झावळ्या आहेत, काय दिसतंय? तुम्ही जा, सापडलं की आणतो.

बेसिल : कशावर चालवलास? लाकडावर की लोखंडावर?

शेल्डन : चालवला नाय हो. नुसता घातला होता. गाडीत.

बेसिल : मी सुतार आहे, पोरा. गाडीत बिट काय करतो ते मला समजेल असं सांग.

शेल्डन : अरे यार... ओके. इंजिनला एक पट्टा असतो, दातवाला. टायमिंग बेल्ट. वरचं चाक, खालचं चाक, दोन्ही त्याच्यावर फिरतात. बेल्ट बदलताना ती चाकं जरापण हलायला नको. म्हणून चाकाला भोक असतं, त्यात पिन घालून लॉक करायचं. कंपनीची पिन माझ्याकडे नाय. तुमचा बिट त्या भोकात असा बसला ना, जसा काय त्याच्यासाठीच बनवलाय. व्हिडिओत पण लोक तेच करतात.

बेसिल : आणि पट्टा बसला की पिन काढायची.

शेल्डन : हो.

बेसिल : काढलीस?

शेल्डन : काढली की.

बेसिल : मग तुटली कशी?

शेल्डन : अंकल, तुम्ही पोलीस आहात का?

बेसिल : बरं, ते राहू दे. माझ्या बिटाला चिंधी बांधलेली होती, लाल. ती कुठाय?

शेल्डन : सोडली. सारखी बेल्टमध्ये येत होती.

बेसिल : यायलाच पाहिजे होती! त्यासाठीच बांधतो मी. भुशात पडला तर दिसावा, उसना दिला तर घेणाऱ्याला आठवावा. माझ्या फ्लॉसीच्या लुगड्याची चिंधी आहे ती. बायको गेली, लुगडी राहिली, म्हटलं कामाला येतील. माझ्या पेटीतलं एक हत्यार आजवर हरवलं नाय. अन् तू सोडलीस.

शेल्डन : मला काय माहीत...

बेसिल : तुला सांगून दिला होता. म्हटलं होतं, चिंधी सोडू नको. हसलास तू. म्हणालास, अंकल, हा काय पतंग आहे का?

शेल्डन : हो. बोललो होतो.

बेसिल : आता सांग. काढली होतीस पिन?

शेल्डन : नाय काढली. विसरलो. गाडीवाले हरेश्वरकाका असे उभे होते, इथं, डोक्यावर. झालं का, झालं का. पोरीच्या बाळाचं जावळ आहे, वज्रेश्वरीला जायचंय, गाडी धुवायची आहे. नियम काय आहे, बेल्ट बसवला की आधी पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचं. कुठं अडतंय का बघायचं. मग चावी. मी डायरेक्ट चावी मारली.

बेसिल : मग?

शेल्डन : कट्. असा आवाज आला. काका बोलले काय झालं, मी बोललो काय नाय, स्टार्टर आहे. खाली बघितलं तर हे शेपूट पडलेलं. खरं सांगू? तेव्हाच कळलं, काय केलंय ते.

बेसिल : अन् तरी?

शेल्डन : तरी परत चावी मारली. आणि चालू झाली ना गाडी! मस्त चालू झाली. थोडी टिकटिक करत होती. मी स्वतःलाच बोललो, जुनं इंजिन आहे, करतं टिकटिक. मुंडकं पण खालीच पडलं असेल. काका गाडी घेऊन गेले.

बेसिल : कधी?

शेल्डन : काल संध्याकाळी.

बेसिल : थांब इथंच. माझं चुंबक आणतो. हलू नको.

शेल्डन : कुठं जाणार मी?

बेसिल : हं. आणलं. धर ही सुतळी, टोकाला चुंबक आहे. जमिनीला घासत घासत ने. गाडी कुठं उभी होती?

शेल्डन : इथून तिथपर्यंत. तोंड माडाकडे होतं.

बेसिल : सावकाश. काय लागलं?

शेल्डन : खिळा.

बेसिल : अजून ने.

शेल्डन : वॉशर. बाटलीचं बूच. हा अजून एक खिळा.

बेसिल : झावळी उचल. तिच्याखाली.

शेल्डन : नाय. काय नाय. अंकल, अख्खी जागा झाली.

बेसिल : परत एकदा.

शेल्डन : परत काय! नाय इथं. इथं नाय ते.

बेसिल : मग आत आहे.

शेल्डन : हे घ्या तुमचं चुंबक.

बेसिल : आत राहिलं तर काय होतं? सुतारालाच सांग, पण खरं सांग.

शेल्डन : बेल्टवर प्लास्टिकचं कव्हर असतं. त्याच्या आत तळाशी पडलं असेल. पडून राहिलं तर राहिलं. पण खड्ड्यात गाडी आपटली, उडालं, बेल्ट आणि चाकाच्या मधे गेलं... तर बेल्ट दात सोडतो. मग वरचे वॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आपटतात. वॉल्व्ह वाकतात, तुटतात. इंजिन खलास.

बेसिल : उभ्या गाडीत?

शेल्डन : चालत्या. स्टेअरिंग जड होतं. ब्रेक दोन-तीनदा लागतो, मग पायाखाली दगड, दाबतच नाय.

बेसिल : अन् गाडीत कोण कोण आहे?

शेल्डन : काका. हंसाकाकी. रचनाताई, तिचं बाळ.

बेसिल : फोन लाव.

शेल्डन : काय सांगू? अंकल, जूचंद्रहून इकडे नंदाखालला गाडी घेऊन आलेला पहिला माणूस आहे तो. तिकडचे गॅरेजवाले सोडून. गावात सगळे मला हसतात, मोबाईल बघून मेकॅनिक झाला म्हणून. काका एकदापण नाय हसले. चावी दिली आणि बोलले, तू तुज्या हिशोबानं कर.

बेसिल : हेच सांग. पण आधी लाव.

(शेल्डन फोनचा स्पीकर चालू करतो. पलीकडे मोठ्याने गाणी.)

हरेश्वर : बोल रं शेल्डन! तुजीच आटवन काढत होतो. गाडी लोन्यासारकी चालतं.

शेल्डन : काका, कुठे पोचलात?

हरेश्वर : शिरसाड फाट्याला वललो आताच. का रं?

शेल्डन : टिकटिक येतेय का?

हरेश्वर : येतं जरा. सकाली जास्तीच येत होती. पन गानी लावली का आयकू येत नाय! तुजी काकी बोलतं, हीच युक्ती तिनं माज्यावर लावलीय, तीस वरसं.

शेल्डन : काका, ऐका ना. गाडी जरा साईडला घ्या. मी येतो बाईकवर. एक... एक बोल्ट टाईट करायचा राहिलाय.

हरेश्वर : कुटला बोल्ट?

शेल्डन : छोटासाच आहे.

हरेश्वर : छोटासा ना? मंग देवलाशी पोचून बगू. न्हावी खोलंबून बसलाय, बाल भुकेनं रडाला लागंल. तू नको येऊस येवड्या लांब. जेवाला येत असशील तं ये, मटन हाय!

शेल्डन : काका, पण तो बोल्ट...

हरेश्वर : अरे डंपर आला मोटा, ठेव, ठेव.

बेसिल : बोल्ट.

शेल्डन : अंकल, प्लीज.

बेसिल : छोटासा बोल्ट. ह्या वाडीत मी चुंबक फिरवलं, मला तर कुठला बोल्ट सापडला नाय. तुला कुठं सापडला?

शेल्डन : तोंडातून निघालंच नाय. गाणी वाजत होती, ते एवढे खूष होते...

बेसिल : परत लाव.

शेल्डन : लावतोय. ...संपर्क क्षेत्राच्या बाहेर.

बेसिल : परत.

शेल्डन : तेच. त्या रोडला रेंज नाय अंकल. शिरसाड फाटा सोडला की सगळं जंगलच आहे. रचनाताईचा नंबर आहे माझ्याकडे. थांबा. ...तो पण बाहेर.

बेसिल : खड्डे आहेत त्या रस्त्याला?

शेल्डन : डंपर चालतात दिवसभर. खड्डेच आहेत, मधे मधे रस्ता.

बेसिल : मेसेज टाक. बोल्टाचा नको. खरा टाक.

शेल्डन : टाकला. "काका गाडी थांबवा, इंजिनमध्ये लोखंडाचा तुकडा राहिलाय, माझी चूक आहे." एकच टिक आली.

बेसिल : म्हणजे?

शेल्डन : म्हणजे गेला नाय त्यांच्यापर्यंत.

बेसिल : बाईक काढ.

शेल्डन : बाईकवर जाऊन काय करणार? ते पोचतील तरी, नाय तर...

बेसिल : बोल ना पुढं. नाय तर काय?

शेल्डन : अंकल, फोन. काकांचाच. वाजतोय.

बेसिल : मग बघत काय बसलास? उचल!

शेल्डन : हॅलो? काका? काका, गाणी बंद केली का तुम्ही?

हरेश्वर : गाडी बंद जाली.

शेल्डन : कुठे? कशी? सगळे...

हरेश्वर : उतारावर. खड्डा आला, गाडी आपटली, आनि आवाज जाला. पत्र्याच्या डब्यात दगड टाकल्यासारका. मंग इंजिन गप. गानी चालूच. पुडं डंपर, मागं डंपर. ब्रेक मारला, लागला. परत मारला, पाय जातच नाय खाली. हँडब्रेक वडत वडत कडेच्या मातीत घातली.

शेल्डन : काकी? बाळ?

हरेश्वर : काकीचं डोकं काचंवर आपटलं, टेंगूल आलंय. रचना बालाला सोडतच नाय. बाल झोपलंय. त्याला काय नाय कललं.

शेल्डन : काका, आता परत चावी मारू नका. अजिबात.

हरेश्वर : मारली.

शेल्डन : किती वेळा?

हरेश्वर : मारली दोन-चारदा. माला काय म्हाईत? आत चमचे वाजल्यासारके वाजतान. शेल्डन, तुजा मेसेज आला आता. झाडाखाली उबा राह्यलो तवा रेंज आली.

शेल्डन : हो काका.

हरेश्वर : लोखंडाचा तुकडा.

शेल्डन : हो. बेसिल अंकलचा ड्रिलचा बिट. मी लॉक करायला घातलेला, काढायचा विसरलो. तुटून आत राहिला.

हरेश्वर : हे तुला मगाशी म्हाईत होतं? फोन केलास तवा?

शेल्डन : ...हो.

हरेश्वर : मंग बोल्ट का बोललास?

शेल्डन : लाज वाटली काका.

हरेश्वर : अरे, मी थांबलो असतो. मुहूर्त गेला असता, न्हावी गेला असता, दुसरा भेटला असता. 'काका, बाल हाय गाडीत', येवडंच बोलला असतास तरी थांबलो असतो.

शेल्डन : काका, मी येतो. वाडीतल्या सॅन्टनचा पिकअप घेऊन येतो. इंजिनचं सगळं काम मी...

हरेश्वर : ये. काकी बोलतं दुसरा मेकॅनिक बोलव. नाय बोलवत. तूच ये. बायमान्सांना आनि बालाला देवलाशी सोड आदी. आनि मंग इंजिन उगड, माज्यासमोर. काय काय मोडलंय त्ये एकेक बाहेर काड आनि माज्या हातात दे. माला बगायचंय.

शेल्डन : हो काका. गाडीच्या मागे दगड लावा. तुम्ही सगळे रोडपासून लांब उभे राहा.

हरेश्वर : लांबच हाव आमी. ठेव.

बेसिल : सॅन्टनला फोन कर. दोरी मी घेतो.

शेल्डन : तुम्ही कशाला अंकल? सालोमीताईचं दार...

बेसिल : दार राहू दे उघडं. माझा अर्धा बिट तिकडे आहे.

शेल्डन : अंकल, त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बेसिल : त्यांना माहीत आहे ते. टोचन करून, दोरीनं ओढत आणायची ना गाडी?

शेल्डन : हो. त्या उतारावरून.

बेसिल : मग दोरीच्या मधोमध लाल कापड बांधावं लागेल, मागच्या डंपरवाल्याला दिसायला. माझी चिंधी कुठाय?

शेल्डन : खिशात. काळी झालीय, ऑईल पुसलंय तिने.

बेसिल : धू. लाल दिसली पाहिजे.