तात्याची बत्तीस बिटांची सीडी

दोष रंभाजी तात्याचा. आधीच सांगून टाकतो, मंग मधीच कुणी म्हणायचं न्हाई, "आरं पण लाईट गेली असंल, नेट गेलं असंल…" न्हाई! लाईट हुती, नेट हुतं, माझा हातबी जाग्यावर हुता. दोष तात्याचा, तात्याच्या त्या सीडीचा, आन त्या सीडीला हळदकुंकू वाहणाऱ्या आमच्या अख्ख्या भावकीचा!

तात्या म्हंजे माझा थोरला चुलता. नगरशेजारी भिंगारला, लष्कराच्या छावणीपाशी ऱ्हातो, कुठल्याशा ऑफिसातनं हेडक्लार्क म्हणून रिटायर झाला, आन लई वर्सांमागं त्यानं कॉम्प्युटरचा कोर्स केला. भावकीत पहिला केला, झालं! तवापासनं कुणाच्याबी घरी कॉम्प्युटर आला की विंडोज टाकायचा मान तात्याचा. हसताय काय? मान! नारळ फोडायचा, तात्याला टॉवेल-टोपी करायची, मंग तात्या पिशवीतनं ती सीडी काढणार, शर्टाच्या टोकाला पुसणार, आन डोळे मिटून आत सारणार. आता नव्या कॉम्प्युटरला सीडीची खाचच नसती, तर हा वायरनं जोडायचा सीडीचा डबाबी संगं आणतो! माझा चुलतभाऊ बिभीषण, त्यानं न इचारता स्वतःच विंडोज टाकलं, तर तात्या त्याच्याकडं जागरण-गोंधळाला फिरकला न्हाई. वर फोन करून इचारतो, "कॉम्प्युटरपुढं नारळ तरी फोडला का रं?" मोठ्यांचा मान ठेवावा लागतो बाबा!

आता मी. मी डिप्लोमा मधीच सोडला. का सोडला इचारू नका, मास्तर पुस्तक उघडून वाचून दाखवायचे, आन वाचता मलाबी येतं. घरात मला 'बसलेला' म्हणतात. उभा असलो तरी बसलेला! पण रणगाड्यांचा एक गेम हाय, ऑनलाईन, त्यात माझा हात असा चालतो की नगरच्या हर्षलनं स्वतः फोन केला. म्हणला, "भावा, पाच जणांचा संघ करतोय. रविवारी दुपारी शेवटची चाचणी, ज्यानं त्यानं घरनंच खेळायचं. निवड झाली तर वर्षभर पुण्याला, ऱ्हाणं-खाणं कंपनीचं." पुणं! तुमाला सांगतो, तिथं मला कुणी बसलेला म्हणणार न्हाई, कारण तिथं बसूनच खेळायचं असतं!

त्यासाठी मी मोबाईलच्या दुकानात राबून आठ जीबी रॅम घातली. बटण दाबलं. स्क्रीनवर काय? "आठ जीबी. वापरण्याजोगी सव्वातीन." मला वाटलं दुकानदारानं गंडवलं. दुकानदार कशाला गंडवतोय, घरचेच गंडवायला बसलेत! माझ्या कॉम्प्युटरला विंडोज तात्याच्याच सीडीचं, आन ती सीडी बत्तीस बिटांची.

बत्तीस बिट म्हंजे काय? समजा, आपल्या ग्रामपंचायतीनं घरांना नंबराच्या पाट्या छापल्या, तीनच आकड्यांच्या. नऊशे नव्याण्णव घरं झाली की पाट्या खलास. पुढं तुमी खुशाल घर बांधा, दुमजली बांधा, वर गच्ची काढा… पोस्टमन यायचा न्हाई, कारण पत्ताच न्हाई! तसं बत्तीस बिटात मेमरीचे पत्ते चार जीबीपस्तोर. त्यातलेबी काही ग्राफिक कार्ड आन बाकीची मंडळी आधीच अडवून बसतात, लग्नाच्या पंगतीत जागा धरतात तसं. वरची मेमरी गावाबाहेर! आन गेमच्या एकट्याच्या वाट्याला दोनच जीबी. चौसष्टचं विंडोज टाकलं म्हंजे गेम दुप्पट पळतो असंबी न्हाई, उगा थापा मारत न्हाई मी, पण मेमरी पुरली की तो मधीच मान टाकत न्हाई. माझा प्रोसेसर चौसष्टचा, गेममधी चौसष्टची फाईल तयार. अडलं कुठं? तात्यापाशी!

फोन केला. "तात्या, तुमी चौसष्टचं टाका की. मान तुमचाच, नारळ मी आणतो."

तात्या म्हणतो (असा नाकातनं, हेडक्लार्क ना!), "बाळा, माणसाला दात किती?"

"बत्तीस."

"भागतंय ना? चौसष्ट दात घेऊन काय ऊस खाणार हायेस का?"

"तात्या, कला चौसष्ट असतात."

"त्यातली एक तरी तुला येती का?"

सांगा आता! ह्या माणसाशी बोलायचं कसं? वर दादा, म्हंजे माझे वडील, शेजारी उभे राहून कुजबुजतात, "गप ऱ्हा. रविवारी आपल्या स्नेहलची सुपारी फुटायचीय. तात्या रुसला तर बैठकीत बोलायचं कुणी? तू?" स्नेहल माझी बहीण. पाहुणे तिच्या पसंतीचे, बोलणी नाजूक, आन बोलणारा एकटा तात्या. म्हंजे बहिणीचं लग्न तात्याच्या हातात, तात्याचा हात सीडीवर, आन सीडी माझ्या मानगुटीवर. मोठ्यांचा मान ठेवावा लागतो!

पण मीबी ह्याच घरचा हाय. शनिवारी दादा रानात गेले, आन मी गुपचूप चौसष्ट टाकलं. नारळ न्हाई, टोपी न्हाई, काय न्हाई! आन काय सांगू तुमाला… आठच्या आठ जीबी दिसाया लागली! सगळ्यात मोठा नकाशा उघडला, पूल, नदी, गाव, धूर, सगळं आलं. हर्षल म्हणला, "असाच खेळ उद्या. तू फिक्स." मी दोनदा इचारलं, "फिक्स ना?" म्हणला, "फिक्स!"

रविवार. तात्या सकाळच्याच एसटीनं हजर, पाहुण्यांच्या आधी. आई म्हणली, "जा रं, राहात्यावरनं पेढे घेऊन ये." गेलो. गेलो ना! मी बसलेला, मला काय काम? पेढे घेऊन येतोय तर माझ्या खुर्चीत तात्या, चष्मा कपाळावर, स्क्रीनवर ती पट्टी सरकतीय, आन हा माणूस सीडी शर्टाला पुसतोय!

"आलास? वाचवला तुझा कॉम्प्युटर! रंगच बदलला हुता रं त्याचा. व्हायरस शिरलाता, समदं पुसून टाकलं. ड्रायव्हरसकट नव्यानं विंडोज टाकून दिलंय. गेम दुसऱ्या ड्राइव्हला हुता, म्हणून वाचला बघ, तुझं नशीब."

मी म्हणलं, "तात्या, तो व्हायरस न्हाई, तो मी टाकला हुता!"

"कोणी, तू टाकला? व्हायरस?"

दादा दारातनं डोळे वटारतायत. आई म्हणती, "आता तात्यांच्या पाया पड, एवढी मेहनत केली त्यांनी." पडलो! पाया पडलो, तुमाला सांगतो, ज्यानं माझी मेमरी खाल्ली त्याच्या पाया पडलो! परत चौसष्ट टाकावं तर तात्या खुर्ची सोडंना. खुर्ची सोडली तवा पाहुणे ओट्यावर, आन चाचणी तोंडावर.

बसलो तसाच. पहिला छोटा नकाशा, पार पडला. मग तो मोठा. कानात हर्षल, "पुलावर ये, पुलावर ये, तूच पाहिजे!" मी म्हणलं, "आलो!" आन पूल करडा पडला. मग नदी गेली. मग गाव गेलं. रणगाडा पुलावर उभा, हलंना, आन मधोमध चौकट… मेमरी अपुरी! अपुरी? निम्म्याच्या वर कॉम्प्युटरच्या पोटात रिकामी पडलीय की गं बये!

आन मागं तात्या पाहुण्यांना दाखवतोय, "आमचा पुतण्या. रणगाडा चालवतोय. आमी भिंगारात खरे बघितलेत, ते असे थांबत न्हाईत." पाहुणे म्हणतात, "ड्रायव्हर नवा असंल."

परत चालू केलं. परत पूल. परत चौकट. शेवटाला हर्षल हळूच म्हणला, आन तो हळू बोलला तवाच मला कळलं, "भावा, हात तुझाच भारी. पण चारजण पुढं जातात आन तू पुलावर. तिथं असं झालं तर पाचीजण घरी. निकिताला घेतो." निकिता राहात्याची. खेळती बरी, माझ्याइतकी न्हाई. पण तिच्या घरी तात्या न्हाई!

मी हेडफोन काढला. बैठकीत सुपारी फुटली, टाळ्या वाजल्या. तात्या बोलला मात्र झकास, खोटं कशाला सांगू, पाहुणे एका शब्दालाबी अडले न्हाईत. दादांनी त्याला टॉवेल-टोपी केली, सुपारीची एक, आन व्हायरस काढल्याची येगळी. जाताना मला म्हणतो, "पुढल्या टायमाला काही वाटलं तर आधी मला इचारत जा."

मी म्हणलं, "व्हय तात्या." काय म्हणणार? मोठ्यांचा मान ठेवावा लागतो.

पुण्याच्या संघातली माझी जागा गेली.