मिटलेल्या ओठांचा फोटो

रत्नप्रभा : तुझ्या प्रदर्शनातलं हे छायाचित्र उत्तम आहे, मंदार. ते मी नाकारत नाही. मी एवढंच विचारते आहे की, त्या क्षणी रामीबाईंच्या कानात काय वाजत होतं?

मंदार : खाली पाटीवर आहे ना, मॅडम. लेंगी, बंजाऱ्यांचं होळीचं गाणं. त्यांनीच निवडलेली.

रत्नप्रभा : पाटी वाचली. ज्यानं त्यानं आपलं गाणं निवडायचं आणि ऐकताना तू त्याचा चेहरा टिपायचा, हा तुझा नियम. नेरचे निवृत्त तहसीलदार भैरवी ऐकून गहिवरले, ते मान्य. पण लेंगी लागली की तांड्यातली बाई ताल धरते. तिच्या गळ्याच्या शिरा अशा ताठत नाहीत.

मंदार : लेंगीवर त्या हसतच राहिल्या. दहा फोटो, दहाही हसरे. मग मी दुसरं लावलं.

रत्नप्रभा : दुसरं म्हणजे?

मंदार : तुम्ही खरखर काढायला दिलेल्या रेकॉर्डिंगमधलं. त्यांच्या लेकीचा, दीपमालाचा ढावलो.

रत्नप्रभा : सासरी निघालेल्या लेकीनं आईच्या गळ्यात पडून गायलेला विलाप. ती लेक दोन वर्षांत काविळीनं गेली, हेही मीच तुला सांगितलं होतं. तू माझा विद्यार्थी असल्याचा मला अभिमान होता. किती निष्काळजीपणे माणूस अभिमान बाळगतो.

मंदार : पण चेहरा खरा आला की नाही?

रत्नप्रभा : चिमटा काढल्यावर येणारी कळही खरीच असते.

मंदार : लोक याच फोटोपाशी थांबतात, मॅडम. त्या मिटलेल्या ओठांपाशी. 'आवरलेलं दुःख', असं कुणीतरी अभिप्रायाच्या वहीत लिहिलंय.

रत्नप्रभा : ओठ का मिटलेले आहेत?

मंदार : मीच सांगतो सगळ्यांना, ओठ मिटून ठेवा. ओठ हलले की फोटो हलतो.

रत्नप्रभा : त्यांच्या तांड्यात आईनं ढावलोला गाऊन उत्तर द्यायचं असतं. ते मिळाल्याखेरीज लेक पाऊल उचलत नाही. माझ्या ग्रंथाचं चौथं प्रकरण यावरच आहे. तू मुखपृष्ठ केलंस, आत डोकावला नाहीस. लेक हाक मारत होती आणि तू आईला गप्प बसवलंस. वर त्याला रसिकांनी संयम म्हणायचं.

(रामीबाई दारातून पुढे येतात.)

रामीबाई : कवाची ऐकून राह्यली मी, बाई.

मंदार : मावशी, उतरवतो मी फोटो. आत्ताच.

रामीबाई : राहू दे. पोरगी कानात बोलली आन् मी ओठ दाबून बसली. परत जातानी आर्णीच्या जीपमंदी बी तोंड नाही उघडलं. तांड्यावर पोचल्यावर मंग दिलं उत्तर. पन तवर पोरगी कानातून गेलती.

मंदार : चुकलं माझं, मावशी.

रामीबाई : तुह्यावर राग नाही, बापा. तू परका. मले बाईले इचारायचं हाये. आवाज याच्यापाशी आला कसा?

रत्नप्रभा : मी दिला, रामीबाई.

रामीबाई : मले न इचारता?

रत्नप्रभा : न विचारता.

रामीबाई : पोरीच्या लग्नात तुमच्या हातात ते आवाज भरायचं मशीन पाहून आमचे मानसं चिडलते. मीच म्हटलं त्याईले, राहू द्या, बाई रडून राह्यली, घरचीच हाये.