स्टाफ ग्रुपवर टाकलेला फोटो

मी मेघा संघपाल रंगारी, वय ४३ वर्षे, धंदा – खाजगी शाळेत विज्ञान शिक्षिका, रा. वाडी, नागपूर, आज पोलीस ठाण्यात स्वतः येऊन सांगते की,

दि. ८ जुलै रोजी मी मुख्याध्यापक चंद्रभान पोहनकर यांच्याकडे नववी-दहावीसाठी एक तासिका लेखी मागितली होती. मोबाईलवर उघडे फोटो मागणे, पाठवणे, आलेले दुसऱ्यांना पाठवणे यात काय गुन्हा होतो, हे मुलांना सांगायचे होते. ते म्हणाले, "म्याडम, आपले पोट्टे तसे नाहीत. तुमी काहून त्याइच्या डोक्यात भरून राहिल्या?" अर्ज परत दिला.

दि. २६ ऑगस्ट रोजी दहावीच्या एका मुलीने वर्गमित्राला विश्वासाने पाठवलेला फोटो त्याने वर्गात फिरवला. दोघे अल्पवयीन असल्याने नावे वेगळ्या कागदावर दिली आहेत. सकाळी ११ च्या सुमारास मुख्याध्यापकांनी मुलाचा मोबाईल घेतला, फोटो स्वतःच्या मोबाईलवर घेतला व अठरा शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, "ओळखा." तिघांनी हसण्याची चिन्हे टाकली. मी ऑफिसात जाऊन म्हणाले, "सर, लहान मुलीचा असा फोटो ठेवणं, पाठवणं हाच गुन्हा आहे." ते म्हणाले, "पुरावा आहे तो. मले कायदा नका शिकवू."

दुपारी मुलीच्या वडिलांना हिंगण्याच्या कंपनीतून, कामाची पाळी सोडायला लावून, बोलावले. तोच फोटो त्यांच्यासमोर धरला. मुलगी तिथेच उभी होती. तिला शाळा सोडल्याचा दाखला दिला. वर्तन 'असमाधानकारक' लिहिले. मुलाला समज देऊन वर्गात बसवले. जाताना मुलगी मला म्हणाली, "म्याडम, तुमाले माहीत होतं ना? मंग आमाले काहून नाई सांगतलं?"

दि. २८ रोजी मी परवानगी न घेता दहावीला ती तासिका घेतली. एका विद्यार्थिनीने विचारले, "मंग सरांनी टाकला तो?" मी म्हणाले, "तोही गुन्हाच." वर्गासमोर असे सांगून घरी बसणे मला शक्य नव्हते.

ग्रुपमधले काहीही न पुसता माझा मोबाईल हजर केला आहे. नोकरी जाईल असे मला सांगण्यात आले आहे. माझी तक्रार मुख्याध्यापकांविरुद्ध आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात मुलीने फोटो 'विश्वासाने' पाठवला याऐवजी 'चूक करून' असे टंकले गेले होते. 'चूक करून' हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडून 'विश्वासाने' लिहिले असून बाजूला मी सही केली आहे. बाकी मजकूर मी सांगितला तसाच, बरोबर आहे.